घंगाळ, पत्र्याची पेटी आणि नानांची गाठ

मांडीवर पितळी घंगाळ घेऊन धुळ्याहून नाशिकपर्यंत आलेल्या बाया फार नसाव्यात. मी त्यांतली एक. घंगाळ माझं नव्हतं, रोहिणीचं होतं. गाडीही तिचीच आणि चालवतही तीच होती, त्यामुळे कुरकुर करायची सोय नव्हती. जळगाव-धुळ्याकडे तुम्ही कधी गेला नसाल तर जरूर जा. थंडीत जा, भरताची वांगी बाजारात आलेली असतात तेव्हा जा. पण गेल्या जानेवारीतला आमचा तीन दिवसांचा प्रवास मला नुसता हौसेचा म्हणून सांगता येणार नाही. गेले सात-आठ महिने मी तो कागदावर उतरवायचं टाळत होते.

आम्ही तिघी मैत्रिणी. नाशिकच्या एकाच शाळेत शिकवून निवृत्त झालो. रोहिणीनं नवा फ्लॅट घेतला आणि तिला जुन्या वस्तूंनी घर सजवायचं वेड लागलं. आमच्या आयांनी ज्या वस्तू बोहारणीच्या पाटीत टाकल्या, त्याच ही बाई आता गावोगाव फिरून परत आणते आणि दिवाणखान्यात मांडते. शैला कमी बोलणारी, मूळची सावद्याची. आणि मी ठरवणारी. कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कोणत्या हॉटेलात काय मागवायचं, सगळं मी ठरवते. घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून ती हौस मैत्रिणींवर भागवून घेते.

या प्रवासाचं कारण मात्र मी ठरवलेलं नव्हतं. ते आधी सांगायला हवं.

शैलाचे वडील सावद्याच्या शाळेत कवायतीचे शिक्षक होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. निवृत्त झाल्यावरही शाळेचा झेंडा नानाच बांधायचे. झेंडा नीट घडी करायचा, घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या, त्याची गुंडाळी करायची आणि झेंड्याच्याच दोरीच्या टोकानं ती बांधायची. गाठ सुरगाठ हवी. म्हणजे वर गेल्यावर खालून दोरीला एक हिसका दिला की गाठ सुटते, झेंडा उलगडतो आणि पाकळ्या खाली येतात. गाठ सैल झाली तर गुंडाळी मधेच सुटते. निरगाठ बसली तर हिसका दिल्यावर ती आणखी आवळते आणि सगळं गाव मान वर करून बघत राहतं. नानांच्या हातून चाळीसेक वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

या प्रवासाच्या आदल्या वर्षी, जानेवारीत नानांनी शैलाला फोन केला. "हात थरथरतात गं आता. सव्वीसला तू ये. गाठ तू बांध, मी बाजूला उभा राहतो." त्याच दिवसांत मी आमची कोकणातली सहल ठरवली होती. शैला घुटमळत होती. मी म्हणाले, "अगं, झेंडा दरवर्षी असतो. यंदा फुलं पाठवून दे, पुढच्या वर्षी जा. फुलांचं मी बघते." आणि ती आमच्याबरोबर कोकणात आली.

त्या सव्वीसच्या संध्याकाळी आम्ही समुद्रावर होतो. नानांचा फोन आला. शैलानं स्पीकर लावला, कारण लाटांच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. नाना एवढंच म्हणाले, "झेंडा उघडला नाही. गाठ चुकली माझी." शैला म्हणाली, "असू दे नाना, होतं असं." मग मी हाक मारली, मासे गार होत होते, आणि तिनं फोन ठेवला.

होळीच्या आधी नाना गेले, झोपेतच. शैलानं दोन दिवसांत घर रिकामं केलं. सामानाचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं, म्हणून नशिराबादच्या एका भंगारवाल्याला टेम्पो घेऊन बोलावलं आणि सगळं दिलं. त्यात नानांची पत्र्याची पेटीही गेली. पेटी जड होती, तिला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. शैलानं ती उघडून पाहिली नाही. पुढे शेजारच्या अक्कांकडून तिला कळलं की न उघडलेला तो झेंडा नानांनी आहे तशा गुंडाळीत, गाठीसकट, त्या पेटीत ठेवला होता.

दिवाळीत फराळाला जमलो होतो तेव्हा ती म्हणाली, "मला ती गाठ सोडवायची आहे. झेंडा एकदा उघडून बघायचा आहे. बाकी काही नको." रोहिणीनं हातातली चकली खाली ठेवली. "चल, शोधू. मलाही जुनं सामान बघायचंच आहे."

सावदा

चोवीस तारखेला दुपारी पोचलो. भुसावळ ओलांडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. पुढे केळीच्या घडांनी भरलेले ट्रक, मागे केळीच्या घडांनी भरलेले ट्रक, आणि मधे आमची छोटी गाडी. आमच्याकडे द्राक्षाला लेकरासारखं जपतात, कागदात गुंडाळतात. इथे घडाखाली केळीचीच पानं अंथरतात आणि वरूनही पानंच झाकतात. रोहिणीला हे फार आवडलं. पानं दिवाणखान्यात टिकत नाहीत, म्हणून तेवढी खरेदी वाचली.

नानांच्या घरात आता केळीच्या एका व्यापाऱ्याचं ऑफिस आहे. ओट्यावर वजनकाटा होता. शैला दारापर्यंत गेली आणि आत न जाता शेजारी वळली. अक्का दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. त्यांनी शैलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आली व माय? किती वाळली तू!"

अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, पेटवून त्यांवर वांगी भाजायला टाकली होती. भरीत आम्हीही करतो, पण गॅसवर, जाळी ठेवून, खिडकी उघडून. इथली वांगी हिरवी, हातभर लांब. ती भाजून लाकडी बडगीत ठेचली, त्यात हिरव्या मिरच्या, कांद्याची पात आणि वरून सढळ हातानं तेल. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडदाची ही भाकरी नुसती खाल्ली तरी चालते. मी तीन खाल्ल्या. शैलानं अर्धी खाल्ली आणि अक्कांना विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं?"

अक्कांनी पदराला हात पुसले.

"काय सांगू तुले. नाना पहाटपासून न्हाऊन बसले व्हते. तुम्ही धाडेल तो हार आला ना, लय भारी व्हता बरं, चांदीवानी चमके. वट्ट्यावर बसून त्याच्या पाकळ्या काढत बसले. मी म्हनलं, नाना, द्या मी काढते. तर नाही म्हने. मंग शाळेत गेले."

मला तेव्हा बरं वाटलं. "फुलवाल्याला मी सांगितलं होतं, साधा नको, चांगला दे म्हणून," मी म्हणाले. मिरवूनच म्हणाले.

"झेंडा वर गेला, दोरी वढली, उघडेच ना. पुन्हा वढली. पोरं हसाले लागली. हेडमास्तरनं ग्रामपंचायतीतून दुसरा झेंडा आनला. नाना घरी आले तं जिलबीचा कागद हातातच, खाल्ली नाही. मले म्हने, अक्का, मह्या हातानं अडकला झेंडा. आता मी काय कामाचा?"

शैला खाली बघत होती.

"मी म्हनलं, सोडा ना ती गाठ घरी बसून. तं म्हने, नको. शैलू येईन तवा तिच्या हातानं सोडवू. तसंच ठेवलं पेटीत. पुन्हा शाळेकडे गेलेच नाही ते."

हे शेवटचं वाक्य शैलाला ठाऊक नव्हतं. फोनवर अक्कांनी तिला पेटीचं सांगितलं होतं, हे सांगितलं नव्हतं. ती उठली आणि मागच्या परसात जाऊन हात धूत उभी राहिली. बराच वेळ नळ चालू होता. मी उठणार होते, पण अक्कांनी मला डोळ्यांनीच बसवलं.

नशिराबाद

रात्री जळगावात राहिलो. तिथली शेवभाजी तिखट असते हे मी ऐकून होते, तरी "तिखट चालेल" असं वेटरला मीच ठासून सांगितलं आणि मग तिघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहिलं. शैला म्हणाली, "बरं झालं, रडायला निमित्त मिळालं." दिवसभरात तेवढंच ती हसली.

पंचवीसला सकाळी नशिराबादला गेलो. सलीमभाईंचं भंगाराचं आवार हायवेला लागूनच आहे. सायकलींच्या चाकांचा एक ढीग, पंख्यांच्या पात्यांचा एक, आणि या सगळ्यात पत्र्याच्या शेडखाली वेगळं काढून ठेवलेलं जुनं सामान. आजकाल शहरातून लोक येतात, त्यामुळे काय वितळवायचं आणि काय पुसून ठेवायचं हे भंगारवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. रोहिणीला निळ्या काठाच्या इनॅमलच्या बशा मिळाल्या, धान्य मोजायची लाकडी मापं मिळाली, आणि एक टपालपेटीसारखा लाल डबा मिळाला. तो कशाचा आहे हे सलीमभाईंनाही सांगता आलं नाही. तरी तिनं तो घेतला.

शैलानं पेटीचं विचारलं. सावदा म्हणताच सलीमभाईंनी मान हलवली.

"मास्तरांची पेटी ना? याद आहे. बाई, मी माल घेतला की उघडून बघतो. कुणाची अंगठी निघते, कुणाचे कागद निघतात. ती उघडली तर आत झेंडा. बांधलेला."

"मग?" शैलानं विचारलं.

"मग काय, झेंडा भंगारात कसा ठेवणार? वजनकाट्यावर तर ठेवूच शकत नाही. धुळ्याला सुखदेव आबा आहेत, ते जुन्या पेट्या घेतात, टेबलं बनवतात. त्यांना पेटीसकट दिला. म्हटलं, आबा, आत झेंडा आहे, सांभाळा."

"तुम्ही गाठ सोडली होती?"

त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "हातच लावला नाही."

आबांना कमी ऐकू येतं, ते फोन घेत नाहीत, असं सलीमभाई म्हणाले. उद्या सकाळी गेलात तर दुकानात नक्की भेटतील, सव्वीसला ते कुठे जात नाहीत.

गाडीत बसल्यावर शैला म्हणाली, "ज्यानं किलोवर सामान नेलं त्यानं पेटी उघडून पाहिली. मी लेक, मी पाहिली नाही." रोहिणीनं गाडी सुरू केली. मला मात्र आतून काहीतरी टोचत होतं. ती त्या सव्वीसला सावद्याला असती तर यातलं काहीच झालं नसतं, आणि ती नव्हती ती माझ्यामुळे. हे मी मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं म्हणायचं धाडस झालं नाही.

धुळे

सव्वीसला उजाडण्याआधी जळगाव सोडलं. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत धुकं होतं. मग ऊन आलं आणि रस्त्यावर पोरं दिसायला लागली, पांढरे शर्ट, तेल लावून चप्प बसवलेले केस, हातात कागदी झेंडे. आमच्या सोसायटीत झेंडा वर जातो तेव्हा निम्मे लोक मोबाइल वर धरून असतात आणि उरलेले खिडकीतून बघतात. इथे एका वस्तीवर तर दहा-बारा माणसं एका बांबूभोवती उभी होती आणि शेजारी बांधलेली म्हैससुद्धा तिकडेच बघत होती.

धुळ्यात गल्ली सापडायला वेळ लागला. आठ वाजत आले होते. सुखदेव आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुतार. घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि दुकानापुढे फरशीचं छोटं अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी पाइप उभा केला होता आणि गल्लीतली पंधरा-वीस माणसं त्याच्याभोवती जमली होती. आम्ही गाडीतून उतरून धावतच फाटकाशी पोचलो. तेवढ्यात पांढऱ्या सदऱ्यातल्या उंच म्हाताऱ्यानं दोरीला हिसका दिला.

झेंडा उघडला. पाकळ्या खाली आल्या. सगळ्यांचे हात बाजूला गेले आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

मी शैलाकडे पाहिलं. ती ताठ उभी होती, कवायतीच्या मास्तरांची लेक उभी राहील तशी, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. झेंड्याच्या हिरव्या पट्ट्याच्या कडेला, कोपऱ्यात, बोटभर लांबीची पांढऱ्या दोऱ्याची टीप होती. नाना दरवर्षी झेंडा तपासायचे आणि उसवलं असेल तिथे स्वतः सुई घेऊन बसायचे. शैलानं ती टीप खालूनच ओळखली.

गाणं संपल्यावर कोणीतरी आमच्या हातांत चहा आणि जिलबी दिली. आम्ही कोण हे कोणी विचारलं नाही. ज्यांनी हिसका दिला ते आबाच पुढे आले. "कोठून उनात ताई? जुनं सामान देखाले? आठे बठ्ठं जुनंच शे. मी बी." इथे सगळंच जुनं, तेही जुने, असं सांगत ते हसले.

शैलानं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. सावदा, नाना, पेटी, गाठ. आबा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे हाऊ तुमना वडीलना झेंडा शे?"

"हो."

"माले काय माहीत, ताई. पेटीमा व्हता. म्हन्तं, झेंडा अंधारमा कसाले ठेवाना? दोन दिन गाठ सोडत बसनू, सुटनीच नही. मंग दोरी कापी." त्यांनी हात जोडले. "कपडाले कात्री लागू दिन्ही नही. फुलं सुकी गयथीन, ती गुलाबना बुडले टाकीत."

म्हणजे आम्ही उशिरा पोचलो होतो. पंधरा मिनिटांनी नाही, कित्येक महिन्यांनी. गाठ कापली गेली होती, झेंडा उघडला गेला होता, नानांनी ओट्यावर बसून काढलेल्या पाकळ्या धुळ्यातल्या एका गुलाबाच्या मातीत मिसळल्या होत्या. यात आबांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी जे केलं ते आम्हा कोणापेक्षाही बरं केलं होतं. तरी शैला फाटकाजवळच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. गल्लीतल्या बाया तिच्याभोवती बसल्या. एकीनं तिची पाठ चोळली. कारण त्यांना नीट कळलंही नसेल.

आबा म्हणाले, "झेंडा लई जा ताई. तुमना शे. सांजले उतारसू, घडी करी देसू."

शैलानं वर पाहिलं. वारा होता, झेंडा चांगला फडकत होता.

"राहू द्या आबा. नानांनी तो बंद ठेवला होता. इथे उघडा आहे. इथेच राहू द्या." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ती कापलेली दोरी टाकून दिलीत का?"

आबा आत गेले. आम्हीही मागोमाग गेलो. दुकानात ड्रेसिंग टेबलं, आरशांच्या लाकडी चौकटी, पितळी दिवे, आणि मधोमध नानांची पेटी. तिला आबांनी चार सागवानी पाय लावले होते, वरून मोरपिशी रंग दिला होता. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र काही केलं नव्हतं. तिथे कवायतीच्या तासांचं एक जुनं वेळापत्रक चिकटवलेलं होतं, नानांच्या अक्षरात. रोहिणी पेटी घ्यायला निघाली होती. शैलानं मानेनंच नको म्हटलं.

आबांनी बिजागऱ्या आणि खिळ्यांचा एक खण ओढला आणि त्यातून एक गाठ काढून शैलाच्या तळहातावर ठेवली. सुती दोरीची, अंगठ्याएवढी, दोन्ही टोकं कापलेली, दगडासारखी घट्ट.

"फेकानी इच्छा व्हयनी नही," ते म्हणाले.

रिकाम्या हातानं निघणं बरं दिसेना, म्हणून रोहिणीनं तिथलं सर्वांत मोठं घंगाळ घेतलं. दोन कड्यांचं, पितळी, लहान मूल बसेल एवढं. डिकी मापांनी आणि बशांनी भरलेली होती. मागच्या सीटवर शैला आणि मी, आणि माझ्या मांडीवर घंगाळ. आबांच्या घरच्यांनी त्यात जिलबीचा पुडा ठेवला.

मालेगावच्या पुढे

शैलानं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि गाठ सोडवायला बसली. पिनेचं टोक आत घालायची, एक पदर किंचित उचलायची, नखानं ओढायची. पिन दोनदा वाकली. एकदा अंगठ्यात घुसली, रक्त आलं, तिनं बोट तोंडात घातलं आणि पुन्हा सुरुवात केली. धागे खाली सांडू नयेत म्हणून ती घंगाळावर हात धरून बसली होती, म्हणजे माझ्या मांडीवरच. रोहिणी आरशातून बघत होती आणि गाडी हळू चालवत होती. मालेगाव कधी गेलं ते कळलंही नाही.

चांदवडच्या अलीकडे गाठीचा वरचा पदर ढिला झाला. शैला थबकली. तिनं दोरी डोळ्यांजवळ नेली.

"मंगल," ती म्हणाली, "अगं, ही निरगाठ नाहीये."

"म्हणजे?"

"हे बघ. हा फास, हे टोक असं दुमडून आत घातलेलं. ही सुरगाठच आहे. मला लहानपणी दाखवली होती त्यांनी. अगदी बरोबर बांधली आहे." तिनं फास नखानं आणखी उघडला. "मधे काहीतरी अडकलं होतं, म्हणून ती आवळली."

तिनं पिनेनं फासात अडकलेलं काहीतरी ओढून काढलं आणि झटकलं. ते घंगाळात पडलं. मग तिनं दोरीचं छोटं टोक चिमटीत धरून ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली.

"नाना चुकले नव्हते," ती म्हणाली. "गाठ बरोबर होती. नाना चुकले नव्हते गं." आणि ती हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही एकदम. रोहिणीनं गाडी बाजूला घेतली आणि मागे वळून तिचा हात धरला.

शैलानं तिथूनच अक्कांना फोन लावला. "अक्का, गाठ सुरगाठच होती! शाळेत सांगा. हेडमास्तरांना सांगा, सगळ्यांना सांगा."

फोनमधून अक्कांचा आवाज आला, "मंग अडकलं कशानं व?"

"काहीतरी बारीक होतं, अक्का. असेल काही. पण गाठ बरोबर होती."

मी खाली पाहिलं. घंगाळाच्या तळाशी, जिलबीच्या पुड्याजवळ, चार बोटं लांबीची चंदेरी जरीची तार पडली होती. हारात फुलांच्या मधे गुंफतात ती. तिच्या एका टोकाला झेंडूचा वाळलेला देठ अजून अडकलेला होता.

सुट्या पाकळ्यांत जरीची तार नसते. नाना दरवर्षी परसातल्या झेंडूच्या सुट्या पाकळ्या वापरायचे. त्या वर्षी त्यांच्याकडे हार गेला. सहलीला शैलानं यावं म्हणून मी जळगावच्या फुलवाल्याला फोन केला होता आणि म्हणाले होते, "साधा नको, जरीचा दे, चकचकीत." थरथरत्या हातांनी पाकळ्या काढताना एक जर झेंड्याच्या घडीत राहिली आणि गाठीत गुंतली. नाना बरोबर होते. नाना स्वतःला चुकलेले समजून गेले.

मी ती तार गुपचूप उचलली आणि चष्म्याच्या घरात ठेवली. शैला खिडकीतून बाहेर बघत होती. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी पाहिला नव्हता, आणि तो मला मोडवेना. निदान त्या वेळी मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

नाशिक

घंगाळ आता रोहिणीच्या दिवाणखान्यात आहे. त्यात तिनं मनी प्लांट लावला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्याची गोष्ट सांगते. मांडीवर घंगाळ घेतलेल्या बाईची, म्हणजे माझी. लोक हसतात, मीही हसते.

शैलाकडे कोणी गेलं तर ती दोरीचा तो तुकडा काढते, बांधून दाखवते आणि एका हिसक्यात सोडते. "असे बांधायचे नाना." यंदा पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीचा झेंडा तिनं बांधला. फुलं आणायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी मी बाजारातून सुटा झेंडू आणला आणि घरी एकटी बसून पाकळी पाकळी उजेडात धरून पाहिली. सकाळी झेंडा छान उघडला. शैलानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मी टाळ्या वाजवल्या.

ती जरीची तार अजून चष्म्याच्या घरात आहे. चष्मा काढताना रोज बोटाला लागते. नानांचं चुकलं नव्हतं हे शैलाला कळलं. कुणाचं चुकलं, हे अजून तिला कुणी सांगितलेलं नाही.

उद्या सकाळी मी तिच्याकडे जाणार आहे. ही पानं आणि चष्म्याचं घर, दोन्ही घेऊन.